दोन दारांची जिन

मुंबईहून नागपूरकडे निघालेली गाडी मलकापूर ओलांडून वऱ्हाडात शिरली, की रुळांच्या बाजूला मधूनमधून एखादे विटांचे उंच धुराडे दिसू लागते. धूर नसतो. पायथ्याशी लांबलचक छपरांची एखादी वास्तू पडलेली असते. निम्मे पत्रे उडालेले, भिंतीतून पिंपळ वर आलेला. डब्यातला पुण्या-मुंबईचा प्रवासी ‘कुठली तरी बंद पडलेली गिरणी’ असे म्हणून पुन्हा आपल्या चिवड्याकडे वळतो.

ती गिरणी नव्हे. गिरणीत सूत निघते, कापड निघते. इथे यांतले काहीच निघत नसे. इथे फक्त सरकी आणि रुई यांची ताटातूट होई. ‘इंजिन’ या इंग्रजी शब्दाचे डोके उडाले आणि शेपूट उरले, ते ‘जिन’. लहानपणी मला मात्र ही जिन आणि दिव्यातून निघणारा अल्लाउद्दीनचा जिन एकच वाटत. दोघांतूनही काहीतरी पांढरे आणि अवाढव्य बाहेर पडते, हे साम्य काही खोटे नव्हते.

माझे गाव मेडशी. अकोल्याहून पातूरचा घाट चढून मालेगाव-वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. आमच्या घरचा कापूस ज्या जिनवर जाई, ती मेडशीपासून बैलबंडीच्या एका रात्रीच्या मजलेवर होती. त्या गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. जागेवरून भाऊबंदांचा दावा चालला आहे आणि त्यात माझ्या लेखाची भर नको. गेल्या दसऱ्याला गावी गेलो, तेव्हा चुलतभाऊ सहज बोलून गेला, “जिनचे पत्रे अन् लोखंड भंगारात चालले, दादा. मोजमाप झालं.”

माझी आजी त्या जिनमध्ये सतरा हंगाम कामाला होती. आमच्या घरात ही गोष्ट फारशी निघत नसे. वडील शिकले, नोकरीला लागले, आम्ही शहरात वाढलो. ‘आजी जिनमध्ये रेजा होती’ हे दिवाणखान्यातल्या पाहुण्यांपुढे कोण काढणार? मीही काढले नाही. भंगारवाल्याच्या आधी एकदा पाहून यावे, एवढेच त्या दिवशी मनात आले.

तिथे मला भेटले ते जिनचे जुने फिटर. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. पंधराव्या वर्षी तेल घालणारा पोऱ्या म्हणून लागले आणि शेवटचा पट्टा उतरला तेव्हा किल्ली त्यांच्याच हाती होती. मी नाव सांगितले, आजीचे सांगितले. ते म्हणाले, “मेडशीवाली? चला, दाखवतो.”

पण आत जाण्याआधी ही वास्तू मुळात इथे का आली, ते सांगायला हवे.

आगगाडी येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. लमाणांचे तांडेच्या तांडे तो वाहून नेत. कापसातली सरकी मात्र गावातच, घराच्या ओसरीवर निघे. त्यासाठी रेचा असे: एकमेकांना चिकटून उलट फिरणाऱ्या दोन लाटा, एक जाड लाकडी, एक बारीक लोखंडी. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताने कापूस लावायचा. रुई पलीकडे ओढली जाते, सरकी अलीकडे गळून पडते. हे काम बायकांचे. मंद, कंटाळवाणे, पण घरबसल्या चार पैसे देणारे.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतला कापूस अडकला आणि मँचेस्टरकडच्या गिरण्या उपाशी पडल्या. भाव असे चढले की मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पुरातलेच एक नाव प्रेमचंद रायचंद. 1865 मध्ये युद्ध संपले, फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या. पण त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर 1878 पासून मुंबईला वेळ सांगत राहिला. त्या मनोऱ्याकडे पाहताना मुंबईकराने कधी वऱ्हाडची आठवण काढली असेल, असे मला वाटत नाही.

1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेच होते. 1867 पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोचला. 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले, ते जलंब-खामगाव या छोट्याशा फाट्यासाठी. खामगावचा कापूसबाजार तेव्हा एवढा मोठा होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी सरकारने स्वतंत्र कापूस कमिशनर नेमला होता, रिव्हेट-कार्नाक नावाचा. लिव्हरपूलच्या बाजारात आमचा कापूस ‘ऊमरा’ म्हणून विकला जाई; ते आपल्या उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे, विलायती रूप. राली ब्रदर्स आणि स्वित्झर्लंडचे फोल्कार्ट ब्रदर्स यांची माणसे वऱ्हाडच्या बाजारांतून हिंडू लागली. यांतले फोल्कार्ट म्हणजे पुढे 1954 साली टाटांबरोबर ज्यांची ‘व्होल्टास’ झाली तेच. ज्या घरांतून आज ते थंड हवेचे यंत्र गुरगुरते, त्यांना हे कदाचित ठाऊक नसेल.

रेल्वे आली, पण रेल्वेला सैल कापूस परवडत नाही. रुईपेक्षा सरकीच जास्त: शंभर किलो कापसातून रुई निघते कशीबशी तेहतीस-चौतीस किलो, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे सरकी मुंबईपर्यंत वाहून नेणे हा शुद्ध वेडेपणा; आणि नुसती रुई नेली तरी ती वारेमाप जागा खाते. म्हणून पिकाच्या दाराशीच सरकी काढायची आणि रुईची घट्ट गठाण बांधायची, असा हिशेब ठरला. 1870 नंतरच्या काही दशकांत वऱ्हाडातल्या बाजारगावांतून ही धुराडी उभी राहिली, ती या हिशेबातून. लमाणांचे बैल रिकामे झाले आणि तांडे डोंगरकडांना स्थिरावले. आमच्या वाशीम जिल्ह्यात ते आजही आहेत. आणि ओसरीवरचा रेचा माळ्यावर गेला. ज्या बायकांचा रेचा गेला, त्याच मग जिनच्या फाटकाशी कामाला उभ्या राहू लागल्या.

आता आत जाऊ.

फाटकातून शिरल्याबरोबर प्रचंड मोकळे अंगण लागते. फिटरमामा म्हणाले, “एवढी जागा बैलबंड्यांसाठी असं लोकांना वाटतं. ती आगीसाठी आहे.” कापसाच्या गंज्या एकमेकींपासून दूर लावायच्या, म्हणजे एक पेटली तर दुसरी वाचवता येते. अंगणाच्या कडेला पाण्याचे दगडी हौद आहेत, आता त्यांत बाभळी उगवल्या आहेत. बॉयलरची खोली आणि धुराडे जिनच्या मुख्य घरापासून सुटे, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. हंगाम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा, आणि त्या दिवसांत आमच्याकडे वारा बहुधा उत्तर-पूर्वेकडून येतो. ठिणगी उडालीच तर ती रानाकडे जावी, कापसाकडे नाही. वास्तुशास्त्रातली अग्नीची जागा आग्नेयेला. इथल्या अग्नीला वाऱ्याने नैर्ऋत्येला बसवले होते.

मुख्य घर लांब आणि अरुंद. काळ्या दगडाचे जोते पुरुषभर उंच, त्यावर विटांच्या भिंती, लोखंडी कैच्यांवर पत्रे. एवढे उंच जोते कशाला, हे खाली वाकून पाहिल्यावर कळते. जोत्याच्या पोटात घराच्या लांबीइतका बोगदा आहे. त्यातून एक पोलादी दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असे. त्यावर चाके, चाकांवरून चामड्याचे पट्टे वर जमिनीतल्या खाचांतून यंत्रांकडे गेलेले. एक इंजिन, एक दांडा आणि दुतर्फा यंत्रांच्या दोन ओळी. वाफ गेली, तेलाचे इंजिन आले, ते जाऊन वीज आली, तरी दांडा तोच राहिला. बोगद्यात उतरून तेल घालणारा पोऱ्या म्हणजे हे फिटरमामा. म्हणाले, “वर मान करायची नाही, एवढंच शिकवलं होतं पहिल्या दिवशी. वर पट्टा.”

यंत्रांतली तीन अजून जागेवर आहेत. फोन्स मॅकार्थी नावाच्या अमेरिकनाने 1840 मध्ये पेटंट घेतलेली ही जात. व्हिटनीची दातेरी करवतींची जिन याहून जुनी, पण आमच्या आखूड धाग्याच्या कापसाचे तिने तुकडे पडत. म्हणून हिंदुस्थानात चामडी लाटेची मॅकार्थी जिनच रुजली आणि इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी ती जहाजे भरभरून पाठवली. रचना इतकी साधी की पाहून हसू यावे. खरखरीत चामड्याची लाट फिरते, तिला कापसाचे तंतू चिकटतात. लाटेला टेकून एक स्थिर पाते आहे, त्याच्या फटीतून तंतू जातो, सरकी जात नाही. आणि दुसरे एक पाते वरखाली हलत त्या अडकलेल्या सरकीला टपली मारते. ओसरीवरच्या रेच्याचाच हा थोरला भाऊ. माझ्या पणजीच्या दोन हातांचे काम दोन पात्यांनी केले, इतकेच.

या यंत्रांनी कापसाचीही जात बदलली. आमच्याकडे ‘बणी’ म्हणून लांब, मऊ धाग्याचा कापूस होई. तो हळूहळू मागे पडला आणि ‘जरी’सारखे भरड वाण पुढे आले. भरड वाणातून रुईचे वजन जास्त पडते. बाजार वजनाला पैसे देऊ लागला की शेतकऱ्याने लांब धागा कुणासाठी पेरायचा?

मग मी दारे पाहिली. या घराला समोरासमोर लांब भिंतींत दारे आहेत. एका बाजूच्या दारांना अंगणातून उतरण चढत येते. दुसऱ्या बाजूच्या दारांतून दगडी ओटा थेट दाबघराकडे जातो. उतरणीवरून कापूस आत, ओट्यावरून रुई बाहेर. दोघांची वाट कुठेही एक होत नाही. मला ते मोठे सुटसुटीत वाटले, तसे मी म्हणालोही. फिटरमामा म्हणाले, “कायदाच होता तसा.”

तो कायदा मी नंतर वाचला. जिन आणि प्रेस कारखान्यांचा 1925 सालचा कायदा. त्यानंतर बांधायच्या प्रत्येक जिनच्या घराला कापूस आणायचे दार वेगळे आणि रुई न्यायचे दार वेगळे हवे. दाबघराला फरशी हवी. प्रत्येक गठाणीवर त्या प्रेसची खूण आणि अनुक्रमांक हवा. कारण भेसळ. रुईत सरकी मिसळत, वजन वाढावे म्हणून पाणी मारीत, एका गावचा माल दुसऱ्या गावच्या नावाने खपवीत. मुंबईत तर 1863 पासून या लबाडीविरुद्ध कायदे चालू होते. तेव्हा आमची ही जिन 1925 नंतरची, हे कोनशिला नसतानाही तिची दारेच सांगतात.

दाबघर सर्वांत उंच. त्यात पाण्याच्या दाबाचा प्रेस वर-खाली चाले. रुई पेटीत घालून माणसे आधी पायांनी तुडवीत, मग यंत्र दाबी, मग लोखंडी पट्ट्या आवळीत. जुनी गठाण निव्वळ 392 पौंडांची, म्हणजे बरोबर अर्धी खंडी. फरशी अजून काचेसारखी गुळगुळीत आहे. तिच्यावर कापसाखेरीज काही पडू नये, याची किती काळजी घेतली असेल!

खिडक्यांबद्दलही मी विचारले. मुख्य घराच्या खिडक्या भिंतीच्या अगदी वर, छपराला लागून, आणि त्यांना बारीक जाळी. इतक्या माणसांच्या कामाच्या जागी इतक्या उंच खिडक्या का? मामांचे उत्तर: “खाली वारा आला तर रुई उडते. माती आत येते, मालाला डाग पडतो. हंगामात त्याही बंदच असायच्या.”

तिथे मला आजीचा खोकला आठवला.

आमच्या घरात तो घड्याळासारखा होता. पहाटे सुरू होई, सूर्य वर आला की थांबे. आम्ही मुले त्याला म्हातारपणाचा खोकला समजत असू. पण माझ्या आठवणीतली ती आजी पन्नाशीची होती. ती सांगत असे, बाजाराच्या दिवशी जिनला सुटी असे आणि सुटीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेले की उरावर पाटा ठेवल्यासारखे होई. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सवय होई. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे राहणाऱ्यांना होणाऱ्या विकाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात, आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणे ही त्याची ओळखीची खूण आहे, हे मी फार उशिरा वाचले. आजीला तोच होता असे म्हणणारा मी कोण? तिला कुणी डॉक्टरकडे नेलेच नाही.

कापूस मातीपासून वाचावा म्हणून त्या घराला जाळ्या होत्या. बायका कापसापासून वाचाव्यात म्हणून काय होते, ते मी शोधत राहिलो. तोंडाला पदर, असे मामा म्हणाले.

आजीच्या काळापर्यंत गोष्टी पुष्कळ सुधारल्या होत्या, हेही खरे. 1885 च्या सुमारास मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांची हकीगत आली, त्यात पहाटे चार-पाचपासून रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या बायका आहेत. घाईच्या दिवसांत तर रात्रंदिवस. 1891 च्या कायद्याने बायकांचा दिवस अकरा तासांचा केला. 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दहा तासांची मर्यादा घातली, पण हंगामी कारखान्यांना जास्त तासांची मुभा ठेवली. आणि जिन ही हंगामीच. 1948 चा कायदा आणखी पुढे गेला: पन्नासांहून जास्त बायका कामाला असतील तिथे मुलांसाठी पाळणाघर हवे. (पुढे 1976 मध्ये तो आकडा तीसवर आला.)

या जिनमध्ये पाळणाघर आहे. दाबघराच्या मागे, चांगली हवेशीर खोली, दोन मोठ्या खिडक्या. साऱ्या आवारात माणसाच्या उंचीवर खिडक्या असलेली तेवढी एकच. मी आत डोकावलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत गंजलेल्या गठाणपट्ट्या रचलेल्या. “आधीपासून इथं पट्ट्याच,” मामा म्हणाले. “तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी बाहेर काढायचो.”

मुले कुठे असत? त्यांनी मला जोत्याच्या मागच्या अंगाला नेले. तिथे एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या आडव्या फांदीवर दोरांनी पडलेले चर आहेत, एकाशेजारी एक, सहा-सात. बोट घालून पाहिले, पेर बुडते. लुगड्याच्या झोळ्या इथे टांगलेल्या असत. अंगावर पाजणाऱ्या बाईला मुकादम दोनदा बाहेर सोडी. माझे वडील 1949 च्या हंगामात याच फांदीला होते, हे हिशेबाने निघते. त्यांनी स्वतः हे कधी सांगितले नाही, आणि त्यांना आता विचारताही येत नाही.

जिन का बंद पडली, याचे उत्तर कुणी एका वाक्यात देत नाही. 1972-73 च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि बराच काळ या जिनला सरकारी खरेदीचे काम मिळाले. बैलबंड्यांच्या रांगा पार मारुतीच्या देवळापर्यंत लागत. 2000 साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान आले, नव्या जिना आल्या, आपोआप कापूस ओढून घेणाऱ्या, काँक्रीटच्या अंगणांच्या. जुन्या दांड्या-पट्ट्यांच्या जिनला त्यांच्यापुढे उभे राहता येईना. आणि तोवर आमच्या वाशीम जिल्ह्याने पऱ्हाटी सोडून सोयाबीन धरले होते. मालकांनी काही वर्षे याच घरात सोयाबीनची पोती ठेवली. मामांना ते मुळीच रुचले नव्हते. “तेलाचा दाणा, त्याला कशाला हवीत दोन दारं?”

निघताना त्यांनी मला आजीची जागा दाखवली. ओळीतले पंधरावे यंत्र. यंत्र नाही, जमिनीत चार बोल्टांची भोके आहेत आणि भिंतीवर चुन्यात 15 हा आकडा. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. जागा उतरणीच्या दारापाशी होती, उजेडाची होती; तेवढेच बरे वाटले.

मेडशीला परतलो तेव्हा रात्र झाली होती. आईला सारे सांगितले. तिने ऐकून घेतले, आत गेली आणि ट्रंकेतून जुन्या चोळीच्या खणात गुंडाळलेला एक पितळी बिल्ला काढून आणला. सासूबाईंनी जाताना दिला होता म्हणाली, तू कधी विचारलं नाहीस. जिनमध्ये शिरताना रेजांना तो दाखवावा लागे. त्यावर यंत्राचा आकडा असे. बिल्ला झिजलेला, पण दिव्याखाली धरल्यावर आकडा स्पष्ट दिसला. 51.

मामांनी 15 दाखवला होता. साठ वर्षांनी आकडे उलटे आठवले, यात त्यांचा दोष नाही. पण 51 म्हणजे दुसऱ्या ओळीचे टोक, बोगद्याच्या बंद भिंतीकडचे, दोन्ही दारांपासून लांब. त्या कोपऱ्यात मी गेलोच नव्हतो. तिथे अंधार होता आणि पत्रा लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाला फोन केला. तो म्हणाला, भंगारवाल्याचा ट्रक सोमवारी आहे, यायचं तर रविवारी ये. रविवारी मी गेलो. बॅटरी बरोबर नेली होती.